म्हसवडची बँक: ओळखीवर चालणारा हिशेब

सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, माण तालुक्यात, म्हसवड आहे. सिद्धनाथाचं देऊळ, माण नदीचं बहुतेक काळ कोरडं पात्र, घोंगड्या विणणारी घरं, आणि यंदा पाऊस होईल का ही दरवर्षीची धाकधूक. या गावात १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. रिझर्व्ह बँकेचा परवाना मिळालेली ग्रामीण महिलांची देशातली पहिली सहकारी बँक म्हणून ती ओळखली जाते. संस्थापक चेतना गाला सिन्हा मूळच्या मुंबईच्या. अर्थशास्त्र शिकलेल्या, जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनातून घडलेल्या आणि लग्नानंतर म्हसवडला स्थायिक झालेल्या.

बँक काढावी हे त्यांना सुचलं ते एका बाईमुळे. लोहारकाम करणारी, रस्त्याकडेला राहणारी ही बाई होती. पावसाळ्याआधी झोपडीवर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा, म्हणून तिला रोज थोडे पैसे बाजूला टाकायचे होते. ती बँकेत गेली तर रक्कम फार छोटी म्हणून बँकेने खातं उघडायला नकार दिला. तिने कर्ज मागितलं नव्हतं, अनुदान मागितलं नव्हतं. स्वतःचे पैसे ठेवायला जागा मागितली होती.

हा नकार समजून घेतला की गावातल्या बँकेचं अर्धं गणित समजतं. समजा एक बाई रोज दहा रुपये टाकते. वर्षाअखेर तिच्या नावावर ३,६५० रुपये होतील, पण वर्षभराची सरासरी शिल्लक त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे १,८२५ रुपये. ठेवीवर बँक जे व्याज देते आणि कर्जावर जे घेते त्यात तीन टक्क्यांचा फरक धरला, तर या खात्यातून बँकेला वर्षाला पंचावन्न रुपये सुटतात. तेवढ्यासाठी वर्षभरात ३६५ नोंदी करायच्या. पगारदार कारकून, भाड्याची जागा आणि मुख्य शहरात ठरणारी धोरणं असलेल्या बँकेला हे परवडत नाही. तिथल्या साहेबाच्या मनात दुजाभाव नसला तरी परवडत नाही. म्हणून नुसत्या चांगुलपणाने हा प्रश्न सुटत नाही. खर्चाचं गणितच बदलावं लागतं, आणि ते बदलण्याचा एक मार्ग आजवर टिकला आहे: ज्यांना बँक हवी आहे त्यांनीच तिचं मालक व्हायचं, आणि एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनी एकमेकांची खात्री द्यायची.

महाराष्ट्राला हा मार्ग सापडायला बराच काळ लागला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि कर्जरोखे जाळले. ते लोण पुणे-नगर भागात पसरलं. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. पण सावकाराला आवर घातला म्हणून बियाण्याला पैसे कोण देणार, हा प्रश्न तसाच राहिला. न्यायमूर्ती रानडे आणि विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात प्रयोग म्हणून शेतकी बँक काढण्याची योजना मांडली. हिंदुस्थान सरकार अनुकूल होतं, लंडनहून मात्र मंजुरी आली नाही. माझ्या मते आपल्याकडच्या आर्थिक इतिहासातली ही फार मोठी हुकलेली संधी होती.

तोवर जर्मनीत दोन माणसांनी वाट काढली होती. शुल्झ-डेलिच यांनी १८५० च्या सुमारास शहरातल्या कारागीर-दुकानदारांसाठी पतसंस्था काढल्या. सभासदांनी भाग घ्यायचे, ठेवी ठेवायच्या, त्यातूनच कर्ज घ्यायचं. राइफायझन यांनी खेड्यांसाठी वेगळी रीत बसवली. संस्थेचं कर्ज बुडालं तर प्रत्येक सभासद आपल्या सगळ्या मालमत्तेनिशी जबाबदार. ऐकायला हे भयंकर वाटतं, पण त्यामुळे कोणाला कर्ज द्यायचं याबद्दल सगळं गाव डोळ्यांत तेल घालून बसायचं. मद्रास प्रांतातले अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी या संस्थांचा अभ्यास करून अहवाल दिला आणि १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. खेड्यातल्या संस्थांना अमर्याद जबाबदारी, शहरी संस्थांना मर्यादित की अमर्याद हे निवडायची मुभा, अशी त्याची रचना होती.

कायद्याची वाट न पाहता एक संस्था आधीच उभी राहिली होती. सयाजीरावांच्या बडोद्यात १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ निघाली. भारतातल्या नागरी सहकारी बँकांचं मूळ तिथे सापडतं. कायदा झाल्यावर मुंबई प्रांतात भराभर नोंदण्या झाल्या. पुण्यात कॉसमॉस १९०६ च्या जानेवारीत. मुंबईत विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांची संस्था त्याच महिन्यात. मार्चमध्ये थेट कोकणात, कणकवली भागातल्या वरवड्याच्या विणकरांची पतसंस्था. मला या यादीतली ही शेवटची नोंद फार मोलाची वाटते. मुंबई-पुण्यात नोकरदार होते, वकील होते. कोकणातल्या विणकरांनी त्यांच्याबरोबरीने, त्याच वर्षी, पत उभी केली होती. पुढे १९१३-१४ च्या पेचप्रसंगात पन्नासहून अधिक जॉइंट स्टॉक बँका बुडाल्या, तेव्हा लोकांनी ठेवी काढल्या आणि सहकारी बँकांत आणून ठेवल्या. ओळखीच्या माणसांवरचा विश्वास मोठ्या नावावरच्या विश्वासापेक्षा भारी ठरला.

आता पुन्हा म्हसवडला येऊ. सहकारी बँक काढायची तर दोन दारं ओलांडावी लागतात. सहकार खात्याच्या निबंधकाकडे संस्थेची नोंदणी आणि रिझर्व्ह बँकेचा परवाना. मराठे समितीच्या शिफारशींनंतर १९९३ पासून रिझर्व्ह बँकेने नव्या नागरी बँकांसाठी दार बरंच उघडलं होतं, म्हणून हा काळ अनुकूल होता. तरीही म्हसवडचा पहिला अर्ज नामंजूर झाला. प्रवर्तक बायकांपैकी अनेकींनी अर्जावर अंगठे उठवले होते. लिहिता-वाचता न येणाऱ्यांना बँक चालवायचा परवाना कसा द्यायचा, असा सवाल होता.

बायका परत आल्या, आणि दिवसभराचं काम उरकून रात्री अक्षरं गिरवायला बसू लागल्या. पाच महिन्यांनी त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. लिहिणं-वाचणं आम्हाला आता कुठे येऊ लागलंय, पण हिशेब आम्हाला पहिल्यापासून येतो, असं त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं. कोणत्याही रकमेवरचं व्याज विचारा, आणि तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय तेच करायला सांगा, बघू कोण आधी सांगतं. परवाना मिळाला.

यात बढाई नव्हती, हे गावाकडचं व्याज ज्याने मोजलंय त्याला माहीत असतं. बँक वर्षाचा टक्का सांगते, गाव महिन्याचा शेकडा सांगतं. ‘शेकडा तीन’ म्हणजे शंभरामागे महिन्याला तीन रुपये. वीस हजार घेतले तर त्यात दोनशे शेकडे. दोनशे त्रिक सहाशे, हे एका महिन्याचं. चार महिन्यांनी शेळ्या विकून फेडायचे तर चोवीसशे व्याज. कागद नाही, पेन नाही. हाच दर बँकेच्या भाषेत वर्षाला छत्तीस टक्के होतो. सावकाराकडे शेकडा पाच असेल तर साठ टक्के. आकडा छोटा दिसतो म्हणून बोजा छोटा वाटतो, आणि बँकेची पहिली शिकवणी इथेच सुरू होते: दोन्ही दर एकाच मापाने मोजायला.

परवान्याआधी भांडवल लागतं. इथे भाग आणि ठेव यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण कित्येक सभासद वर्षानुवर्षं दोन्ही एकच समजतात. ठेव म्हणजे तुम्ही बँकेला दिलेलं कर्ज, ते व्याजासह परत मिळायला हवं. भाग म्हणजे तुमची मालकी. बँकेला तोटा झाला तर आधी भाग भांडवल आणि राखीव निधी झिजतो, मग ठेवीला धक्का बसतो. म्हणजे भागधारकाचा पैसा ठेवीदाराच्या पैशापुढे ढालीसारखा उभा असतो. त्या बदल्यात लाभांश मिळतो, पण महाराष्ट्राच्या सहकार कायद्याने त्यावर पंधरा टक्क्यांची मर्यादा घातली आहे. आणि भाग कितीही असोत, मत एकच. शंभराचा एक भाग असलेल्या भाजीवालीचं मत आणि लाखाचे भाग असलेल्या व्यापाऱ्याचं मत सर्वसाधारण सभेत सारखंच मोजलं जातं.

कर्जदाराने सभासद व्हायचं, हाही जुना दंडक आहे. विनातारण कर्जाच्या पाच टक्के आणि तारण कर्जाच्या अडीच टक्के भाग घ्यावेत, असा नियम अनेक वर्षं होता. वीस हजारांच्या विनातारण कर्जाला हजाराचे भाग. कर्जदार कुरकुर करतात, माझेच हजार अडकवले म्हणतात. पण ज्याने पैसा नेला त्याचाही पैसा बँकेत अडकलेला असला की बँक टिकावी असं त्यालाही वाटतं.

पैसा आत कसा येतो, हा पुढचा टप्पा. रोज मजुरी मिळवणाऱ्याला महिन्याच्या शेवटी एकरकमी बचत जमत नाही. हाती आलेला पैसा त्याच संध्याकाळी बाजूला पडला तरच पडतो. हे ओळखून १९२८ साली उडुपीत सिंडिकेट बँकेने, म्हणजे तिच्या तेव्हाच्या अवताराने, रोज दोन आणे गोळा करणारी पिग्मी ठेव सुरू केली. महाराष्ट्रातल्या प्रत्येक बाजारपेठेत आज पिग्मी एजंट दिसतो, त्याचं मूळ तिथलं. एजंटला जमा रकमेवर कमिशन मिळतं. तो रोज त्याच गल्लीतून जातो, शंभर खाती एका फेरीत उरकतो, त्यामुळे पंचावन्न रुपयांच्या खात्याचा खर्च खाली येतो. शिवाय दुकान चालतंय की बसलंय हे त्याला दिसतं. कर्जाच्या अर्जात जे कळत नाही ते एजंटच्या रोजच्या फेरीत कळतं.

म्हसवडच्या बँकेनेही दारात जाऊनच व्यवहार सुरू केले, कारण बँकेत यायचं तर बाईची मजुरी बुडते. आणि दारात गेल्यावर बँकेला आणखी काही समजलं. बायकांना घरी पासबुक नको होतं. पासबुकातला आकडा नवऱ्याने पाहिला की तो पैसे मागणार. पुढे बँकेने यंत्राने व्यवहार सुरू करायचे ठरवले तेव्हा प्रत्येकीला पिन द्यायची कल्पना होती. बायकांनी तीही नाकारली. पिन कोणीही विचारून घेईल, चोरेल. त्याऐवजी अंगठा वापरा, तो कोण चोरणार? बँकेने बोटाच्या ठशावर चालणारी व्यवस्था केली. ज्या अंगठ्यामुळे परवाना अडला होता, तोच अंगठा खात्याची किल्ली झाला. सेवा कशी असावी हे मालकांना विचारल्यावर काय घडतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आत आलेला पैसा बाहेर कसा जातो? शंभर रुपयांच्या ठेवीतले अठरा सरकारी रोख्यांसारख्या सुरक्षित आणि पटकन मोडता येणाऱ्या मालमत्तेत ठेवावे लागतात. काही टक्के रोखीच्या राखीव हिश्श्यात जातात. थोडी रोकड तिजोरीत लागते, कारण बाजाराच्या दिवशी आणि पेरणीच्या तोंडावर सगळेच पैसे काढायला येतात. उरलेल्या सत्तर-पंच्याहत्तर रुपयांतून कर्ज. सोनेतारण, कॅश क्रेडिट, शेळी-म्हैस-शिलाई यंत्रासाठीची छोटी कर्जं. छोट्या कर्जाला तारण नसतं, तिथे जामीनदार येतो. गावात जामीनदार होणं ही सहीपुरती गोष्ट नाही. कर्जदार चुकला तर बँकेचा माणूस जामीनदाराच्या दारात उभा राहतो आणि ते सगळी आळी पाहते.

या व्यवहारात जागा किती थोडी असते ते पाहा. समजा शंभर बायकांना वीस-वीस हजार दिले, एकूण वीस लाख. ठेवीचं व्याज वजा जाता चार टक्के सुटले असं धरलं तर वर्षाला ऐंशी हजार हाती येतात. यातली चारच कर्जं पूर्ण बुडाली की ते सगळे ऐंशी हजार गेले. पगार, भाडं, वीज अजून मोजलंच नाही. म्हणून हप्ता नव्वद दिवस थकला की कर्ज अनुत्पादक ठरतं, बँक त्यावरचं न आलेलं व्याज उत्पन्नात धरू शकत नाही आणि नफ्यातून तरतूद करावी लागते. छोट्या गावातल्या मॅनेजरला हे नियम जाचक वाटतात, पण ते नसते तर थकबाकी कागदावर नफा म्हणून झळकत राहिली असती.

ओळख ही या बँकेची ताकद आहे आणि तिचा सगळ्यात मोठा धोकाही तीच. ज्या ओळखीमुळे लोहारकाम करणाऱ्या बाईला खातं मिळतं, त्याच ओळखीमुळे संचालकाच्या मेहुण्याला नको तेवढं कर्ज मिळतं. गेल्या साठ-पासष्ट वर्षांतले बँकिंगचे नियम वाचताना प्रत्येक कलमामागे कुठला तरी अपघात दिसतो. १९६० साली लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक कोसळल्या, त्यातून ठेव विमा आला. सुरुवातीला संरक्षण होतं ठेवीदारामागे १,५०० रुपयांचं. सहकारी बँका १९६६ च्या मार्चपासून बँकिंग कायद्याखाली आल्या, १९६८ च्या दुरुस्तीने विम्याचं दार त्यांच्यासाठी उघडलं. मात्र निबंधक एका बाजूला आणि रिझर्व्ह बँक दुसऱ्या बाजूला, असे दोन कारभारी झाले. निवडणूक आणि संचालक मंडळ एकाकडे, कर्ज आणि रोकड दुसऱ्याकडे. बिघडल्यावर जबाबदार कोण, याचं उत्तर बराच काळ धूसरच राहिलं.

२००१ साली अहमदाबादची माधवपुरा बँक शेअर दलालाला मर्यादेबाहेर दिलेल्या कर्जांनी कोसळली. तिच्यात ठेवी ठेवलेल्या छोट्या सहकारी बँकांनाही तिची झळ बसली. २००३ च्या ऑक्टोबरपासून संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यावर बंदी आली. तरीही सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध लागले आणि ठेवीदाराला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढता येतील, असा पहिला आदेश निघाला. कर्जाचा बहुतेक पैसा एकाच बांधकाम समूहाकडे गेला होता आणि तो हजारो बनावट खात्यांआड लपवला होता. आयुष्यभराची पुंजी अडकलेली वयस्कर माणसं बँकेच्या दारात उभी असलेली महाराष्ट्राने पाहिली. त्यानंतर फेब्रुवारी २०२० पासून विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली. त्याच वर्षी कायदा बदलून रिझर्व्ह बँकेला संचालक मंडळावर थेट हात घालण्याचे अधिकार मिळाले. एका कर्जदाराला मूळ भांडवलाच्या पंधरा टक्क्यांहून आणि एका समूहाला पंचवीस टक्क्यांहून जास्त कर्ज द्यायचं नाही, अशी मर्यादा घातली गेली. हे नियम उशिरा आले, पण योग्य आले. ज्यांना सहकाराचं खरोखर भलं व्हावं असं वाटतं त्यांनी त्यांना विरोध करू नये.

एक धोका मात्र नियमांनी आवरत नाही. मोठ्या बँकेचे कर्जदार देशभर विखुरलेले असतात. म्हसवडच्या बँकेचे कर्जदार एकाच आभाळाखाली राहतात. २०१२ च्या दुष्काळात एक बाई बँकेत सोनं गहाण ठेवायला आली. कशाला, तर जनावरांसाठी चारा-पाणी घ्यायला. पैसे देणं बँकेच्या हातात होतं. पण तालुक्यात चाराच नव्हता आणि पाणीही नव्हतं, तर त्या पैशाने ती काय घेणार? आणि कर्ज घेऊन जनावर मेलं तर ती फेडणार कशातून? तिच्या प्रश्नातून बँकेची साथी संस्था असलेल्या माणदेशी फाउंडेशनने म्हसवडला चारा छावणी काढली आणि हजारो जनावरं तिथे जगली. बाहेरून हे समाजकार्य दिसतं. बँकेच्या वहीतून पाहिलं तर तारण वाचवणंही होतं, कारण जनावर जगलं तर दूध, दूध असेल तर हप्ता. एकाच पावसावर अवलंबून असलेल्या बँकेला चांगल्या वर्षी राखीव निधी भरून ठेवावा लागतो, शेतीच्या जोडीला बाजारातल्या धंद्यांना कर्ज द्यावं लागतं, आणि आपल्याहून मोठ्या कोणाचा तरी आधार लागतो. नागरी सहकारी बँकांसाठी असा आधार म्हणून मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय शिखर संस्थेचं उद्घाटन झालं. तंत्रज्ञान आणि अडचणीतली रोकड या दोन्ही बाबतींत ती छोट्या बँकांच्या पाठीशी उभी राहावी, अशी अपेक्षा आहे.

तुमच्या गावात सहकारी बँक असेल आणि तुम्ही तिचे सभासद असाल, तर सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा होईल आणि त्याआधी अहवाल हातात येईल. अध्यक्षांच्या मनोगतावरून पुढे या आणि आकडे पाहा. निव्वळ अनुत्पादक कर्ज तीन टक्क्यांच्या आत आहे का. भांडवल पर्याप्तता, म्हणजे जोखमीच्या मानाने बँकेचं स्वतःचं भांडवल, छोट्या बँकेला नऊ टक्के, मोठीला बारा टक्के लागते, ती किती आहे. ठेवींतले किती टक्के कर्जात गेले आहेत. सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांकडे मिळून एकूण कर्जाचा केवढा वाटा आहे. लेखापरीक्षणात कोणता वर्ग मिळाला, आणि गेल्या वर्षीच्या दोषांची दुरुस्ती झाली का. घरातल्या एका माणसाच्या नावावर एकाच बँकेत पाच लाखांहून जास्त रक्कम असेल, तर वरची रक्कम विम्याबाहेर आहे, तेही तपासा. अहवालात एखादा आकडा दिसला नाही तर सभेत उभं राहून तो विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा, कारण पुढच्या वर्षीची सभा तिथूनच सुरू होते.